भाऊंनी कापून आणलेल्या सहा गोळ्या

बावीस वर्षं ते औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे होते; त्यांचं खरं नाव लोक विसरलेच होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. "डॉक्टरकडे कशाला जातोस, भाऊंना विचार," असं कुणी म्हटलं की भाऊंना आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

बायको शाळेत शिकवायची. तिथलं स्वच्छतागृह इतकं घाण, की ती दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही आणि लघवी घरी येईपर्यंत दाबून धरायची. एकदा ती हळूच म्हणाली, "अहो, लघवीला फार जळजळतंय. दाखवून येऊ का?"

"घरात डॉक्टर असताना?" भाऊ हसले. दुकानातल्या एका पट्टीतून त्यांनी सहा गोळ्या कापून आणल्या. तीन दिवसांत जळजळ थांबली. गोळ्या संपल्या, विषयही संपला.

दहाव्या दिवशी शाळेतून फोन आला. भाऊ धावत पोचले, तर ती हुडहुडी भरून कापत होती. अंगात सणसणून ताप, सारख्या उलट्या, आणि उजव्या कुशीला हात लावू देईना.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी बरगड्यांखाली पाठीवर हलकंसं ठोकलं, तशी ती कळवळली.

"मूत्राशयातला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढलाय. आधी काही औषध घेतलं होतं?"

भाऊ भिंतीकडे बघत राहिले.

"घरात होत्या काही गोळ्या," बायको म्हणाली. "मीच घेतल्या."

तापानं फणफणत असतानाही तिनं त्यांना पाठीशी घातलं. भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी भिंतीवरची नजर हटवली नाही.

लघवी तपासायला गेली, सलाइनमधून औषध सुरू झालं. सोनोग्राफीत खडा वगैरे काही निघाला नाही. पण दुसऱ्या संध्याकाळीही ताप हटेना, तेव्हा भाऊ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

"गोळ्या मी दिल्या होत्या," ते उभ्याउभ्याच म्हणाले. कुठल्या, किती, सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. "हे कालच सांगायला हवं होतं. अर्धवट औषधाला पुरून उरलेले जंतू असणार. इंजेक्शन बदलते."

लघवीच्या रिपोर्टातही तेच आलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दोघं घरी आली. बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही, अशी ताकीद होती.

तिला गोळी देताना भाऊ खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं."

"गोळ्यांचं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी खोटं बोलले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

भाऊ तिच्या पायाशी बसून राहिले. तिला झोप लागली, तरी ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.