साडूंचा सूर्यावरचा संशय

अकोल्यात राहून सूर्यावरच संशय घेणारा माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. तसा त्यांचा संशय सगळ्यांवरच सारखा. एसटीवर 'अमरावती' अशी ठळक पाटी असली तरी ते आधी वाहकाला विचारणार, मग चालकाला, आणि बसल्यावर शेजारच्या म्हातारीला, 'अमरावतीलेच जाते ना?' मी हसलो तर म्हणतात, 'पाटी लावणारा माणूसच असते, साडूभाऊ.' अमरावतीला आमच्याकडे आले की आमरसाची वाटीसुद्धा आधी हुंगून पाहतात, आणि माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी, कपाळाला हात लावते.

त्यांची एकुलती एक लेक बंगळूरला सूर्याचा अभ्यास करते. ती तिकडे गेली तेव्हापासून सूर्य त्यांच्या नजरेखाली आहे. तिनं पाठवलेला व्हिडिओ ते मला दर भेटीत दाखवतात. सूर्याच्या काठावरून तापलेल्या वायूची भली मोठी कमान उसळते, तुटते, काही भाग अवकाशात निघून जातो आणि उरलेला वाकड्या वाटांनी पुन्हा सूर्यावर ओघळतो. 'एवढं फेकलं, मंग वापस कावून घेऊन राहिला? काईतरी गडबड हाये.' त्यांचं हे 'कावून', म्हणजे 'का', कधी संपत नाही.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे कूलरसमोर बसलो असताना लेकीचा फोन आला; साडूंनी तो स्पीकरवर टाकला. तिला परदेशातल्या वेधशाळेत नोकरी मिळाली होती आणि तिचं जायचं नक्की झालं होतं. साडूंनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही.

'जे वापस पडते, ते कावून पडते?' त्यांनी विचारलं.

'त्याचा वेग कमी पडते, बाबा. मंग सूर्याची ओढ त्याले खाली आणते.'

'अन् ज्याचा वेग पुरते? ओढ तं त्यालेबी असन.'



'असते, बाबा. पण ते निघून जाते.'

साडूंनी उठून कूलर बंद केला. मग तीच सावरून म्हणाली, 'चला बाबा, येते मी.'

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपल्याकडे पोरींना लहानपणीच शिकवलेलं असतं. 'येते' म्हणून कितीजणी कायमच्या गेल्या. आता हा माणूस या 'येते'चीही उलटतपासणी करणार, म्हणून मी धास्तावलो.

साडूंनी फोन खिशात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

'आयकलं काय वो? पोट्टी येते म्हणते.'

उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या चटकन कशावर विश्वास ठेवलेला मी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि मीही म्हणालो, 'हो, मीबी आयकलं.'