रंभाबाईंच्या बांधावरची सावड

करुणाला जागेपणी स्वप्ने पाहण्याची सवय होती आणि त्या सवयीला ती गणित म्हणत असे. पौषातल्या दुपारी कासुर्डीच्या शिवारात ऊन असे विरघळून पसरे की बांध, विहीर आणि दूरच्या महामार्गावरून सरकणारी वाहने एकाच पातळ दुधात बुडाल्यासारखी दिसत. अशा वेळी कडुलिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसलेल्या करुणाला एकच दृश्य दिसे. आपल्या वीस गुंठ्यांत अकरा बायका एका ओळीत वाकून कांद्याचे रोप लावत आहेत आणि आई बांधावर उभी राहून त्यांना पाणी हवे का विचारते आहे.

दृश्य साधेच. पण रंभाबाईंच्या सत्तर वर्षांत ते एकदाही घडले नव्हते.

गावात सावडीची रीत जुनी. आज मी तुझ्या रानात राबायचे, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही. रंभाबाई चाळीस वर्षे लोकांच्या रानात गेल्या. "सावडीला ये गं," असेच त्यांना बोलावले जाई. मजुरी द्यावी लागू नये, एवढीच त्या शब्दामागची सोय. बौद्धवाड्यातल्या भूमिहीन बाईची सावड फेडायची तरी कोणत्या रानात, असे विचारून लोक स्वतःच हसत. संध्याकाळी पदरात चार कांदे पडत आणि हिशेब मिटला असे समजले जाई.

करुणा गणितात एम.एस्सी., प्रथम श्रेणी. दौंडच्या एका महाविद्यालयात तिने एकोणीस वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला निरोप. कायम करण्याविषयी तिने विनंतीपत्र लिहिले, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र. नियम तिच्या बाजूने होता. तो अमलात आणणारा माणूस तेवढा कायम रजेवर असे. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने तो नाद सोडला आणि साठवलेल्या पैशातून आईच्या नावावर वीस गुंठे घेतले.

मग तिला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा शोध लागला. संगणकाच्या जाळ्यावर लिहून ठेवलेला करार. अट पूर्ण झाली की तो आपोआप अमलात येतो. सही नाही, शिक्का नाही, साहेब नाही. एकदा चढवला की लिहिणाऱ्यालाही तो बदलता येत नाही. एकोणीस वर्षे टेबलांपुढे उभ्या राहिलेल्या बाईला यापेक्षा सुंदर काही सुचणे शक्य नव्हते.

तिने केलेल्या टोकनचे, म्हणजे संगणकी बिल्ल्याचे, नाव होते 'सावड'. अकरा जणींनी प्रत्येकी दहा दिवस कबूल केले आणि दिवसाला एक, अशी करारात एकशे दहा टोकन जमा झाली. ज्याला माणूस हवे त्याने थोडे आभासी चलन अनामत म्हणून धाडायचे. करार त्याच क्षणी टोकन देणार. त्याने उलट वाड्यातल्या कुणाच्याही रानात तितके दिवस राबून सावड फेडली आणि त्या रानाच्या मालकिणीने मोबाइलवर अंगठा टेकवला की अनामत परत.

रविवारी दुपारी विहारात तिने हे समजावून सांगितले. शेजारची राजश्री ओठांवर पदर धरून ऐकत होती.

"करुणाताई, म्हंजी कुणी कुणाच्या रानात जायचं ते मोबाइल सांगणार व्हय?"

"ठरवायचं आपणच. तो विसरणार नाही, एवढंच."

"मग आमच्या मालकांनी लग्नाआधी काय काय कबूल केलं व्हतं, ते बी घाला की त्यात!"

सगळ्या हसल्या. रंभाबाईंनी मात्र हळूच विचारले, "माझ्या रानात कवा येत्याल गं?"

"रोप तयार झालं की, आई. आठ दिवसांनी."

आपणच लिहिलेल्या करारातून पहिले टोकन आपणच उचलणे करुणाला अशिष्ट वाटले होते.

दहा दिवसांनी, बुधवारी दुपारी तिने पाहिले तेव्हा करारात शून्य टोकन होती. एकाच खात्यावरून एकाच वेळी अनामत आली होती आणि करार निमूटपणे एकशे दहाच्या एकशे दहा देऊन मोकळा झाला होता. खाते सत्यजीतचे, सहा एकर कांद्याचा मालक आणि तिचाच जुना विद्यार्थी.

फेडता येईल त्याहून जास्त सावड कुणी घेत नाही. हे करुणाला इतके उघड होते की लिहावे असे तिला सुचलेच नाही. कुणा परक्याने तो करार लिहिला असता, तर त्याने पहिल्याच ओळीत मर्यादा घातली असती.

ती त्याच्या बंगल्यावर गेली. ओट्यावर त्याची आई, कस्तुराबाई, लसूण सोलत बसली होती.

"या मॅडम, चहा घेणार?" सत्यजीत बाहेर येत म्हणाला.

"एकशे दहा दिवस कसे फेडणार आहेस?"

"फेडायचे कशाला? अनामत राहू द्या की तिथंच. मजुरीपेक्षा स्वस्त पडली."

"ती किंमत नाही, सत्यजीत."

"त्या कराराला तसं कुठं माहीत हाय? मी अट पुरी केली, त्यानं टोकन दिलं. तुम्हीच शिकवलंय मॅडम, उत्तर समीकरणातून काढायचं, मनातून न्हाई."

कस्तुराबाईचा लसूण सोलणारा हात थांबला.

"सगळ्या बायांचे दिवस घेतलेस व्हय रं? आन् रंभीचं रोप?"

सत्यजीत मोबाइलमध्ये पाहत राहिला.

बायका त्याच्या रानात गेल्या. राजश्री म्हणाली, "शब्द दिलाय ताई. आता मोडला तर म्हणत्याल, ह्यांची सावड असलीच." धाकट्या मुलांना झोळीत टाकून त्या रोज धुक्यातून जात आणि रोज धुळीतून परतत. इकडे वाफ्यातले रोप वाढत चालले, शेंडे पिवळे पडू लागले. मायलेकी दोघींच्या हातांनी दिवसाला एक वाफा लावून होई. अकरा अजून उरले होते.

"कुणी न्हाई आलं तरी कांदा उगवतोच की," रंभाबाई म्हणत. पण काम करता करता त्यांची मान बांधाकडे वळे.

पाचव्या दिवशी सकाळी धुके इतके दाट होते की वीस गुंठ्यांना अंतच उरला नव्हता. त्यातून एक आकृती येताना करुणाला दिसली. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. स्वप्न असते, तर अकरा जणी असत्या. ही एकटीच होती.

कस्तुराबाईने बांधावर चपला काढल्या आणि पदर खोचला.

"रंभे, आले गं सावडीला."

रंभाबाईंच्या हातातली रोपाची जुडी खाली पडली. "वैनी, तुमी?"

"मी नवी नवरी व्हते तवापासून सात वर्सं आमच्या कांद्याला आलीस तू. कडेवर पोरगं घिऊन."

"पोरगी व्हती ती. हीच."

कस्तुराबाईने करुणाला वरून खालपर्यंत न्याहाळले. "हीच व्हय? तवा बांधावर रडायची. आता बांधावर बसून गाव हलवती."

तिघी वाकल्या. कस्तुराबाईला तासाभरातच कंबर धरावी लागली. तिची ओळ पाण्यात पडलेल्या दोरीसारखी वळत गेली.

"वैनी, बोटभर दाबा, न्हाईतर उपटून येतंय."

"शिकव बाई. चाळीस वर्सं नुसती बांधावरनं सांगत व्हते मी."

दुपारी कडुलिंबाखाली तिघी एकाच दुरडीतली भाकरी जेवल्या. धुके गेले होते, पण ऊन अजून दुधासारखेच होते.

कललेल्या उन्हात करुणाने लॅपटॉप उघडला. सत्यजीतच्या खात्यावर एक दिवस फेडला गेल्याची नोंद तिने भरली आणि आईच्या मोबाइलवर आईचा अंगठा टेकवून घेतला. कराराने त्या एका दिवसाची अनामत तत्काळ परत धाडली. कोणी राबले, हे त्याने विचारले नाही.

"आता सत्यजीतचा मोबाइल वाजेल," करुणा म्हणाली.

"वाजू दे की," कस्तुराबाई पायांची माती झटकत म्हणाली. "इचारील मला, आई, हे कशाचं आलं? सांगीन मी."

ती पुन्हा आली नाही. कंबर धरली होती, असे कळले. सत्यजीतही आला नाही. निम्मे रोप हाताबाहेर गेले ते गेलेच. पण कस्तुराबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाणी सोडण्याआधी करुणा ती वाकडी ओळ उपटून सरळ करायला बसली, तेव्हा रंभाबाईंनी तिचा हात धरला.

"तिला हात लावू नगंस. ती माझी सावड हाय."