मुठीचं गाडगं

आमच्या खोलीत जात्याशेजारी एक गाडगं असायचं. दळायला बसण्याआधी सुपातली एक मूठ ज्वारी त्यात टाकायची आणि मगच जात्याला हात लावायचा. ही मूठ देवाची. सोलापुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, बहुतेक घरी असं एक गाडगं होतं. रविवारी उपासनेला येताना बाया ते पदराखाली घेऊन यायच्या आणि देवळात मेजासमोर अंथरलेल्या चादरीवर रिकामं करायच्या. त्यातलं काही धान्य उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या घरी जाई, बाकीचं ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडे. सोमवारी पहाटे रिकाम्या गाडग्यात पहिली मूठ पडली की तळाशी सरसर आवाज होई. लहानपणी मी त्या आवाजानं जागी व्हायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची.

आई मोहोळकडच्या एका खेड्यातली. लग्नानंतर वडिलांबरोबर गिरणीच्या कामासाठी सोलापुरात आली आणि इथंच दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मी सहा वर्षांची असताना वडील गेले. त्यांच्या मागं आईनं गिरणीत सुताची रिळं भरून मला वाढवलं. मी मिशनच्या शाळेत शिकले आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच शाळेत बालवर्गाला शिकवू लागले.

ख्रिस्ती मी जन्मानं होते, जसे आमच्या चाळीतले बाकीचे लोक जन्मानं काही ना काही होते. शास्त्राच्या परीक्षेत माझा पहिला नंबर ठरलेला. स्तोत्रं तोंडपाठ. कोणता संदेष्टा कोणाच्या आधी झाला, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. देवाशी बोलायची गरज मात्र मला कधी पडली नव्हती. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. "बाबा, भोंगा व्हायच्या आत पोचीव." "बाबा, ह्या पोरीच्या नाकावरचा राग तेवढा उतरीव." प्रार्थनासभेत ती याच गावाकडच्या बोलीत, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं प्रार्थना करी. मी मान खाली घालून बसे. बघणाऱ्यांना वाटे मुलगी भक्तीत रमली आहे. मला लाज वाटत असे, दुसरं काही नाही.

त्या वर्षी ऊन तापू लागलं होतं. एका मंगळवारी आई भर दुपारी गिरणीतून परत आली. इतक्या वर्षांत ती सुट्टीच्या भोंग्याआधी कधी घरी आली नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन दिवस ती "अंग मोडून आलंय" म्हणत राहिली आणि तिसऱ्या दिवशी उठता येईना. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. मुदतीचा ताप आहे, निदान तीन आठवडे चालेल, म्हणाल्या. पोटात दूध, ताकाची निवळ आणि बार्लीचं पाणी, एवढंच जायचं. भाकरीचा एक तुकडा जरी गेला तरी आतडं फाटेल. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचा राग आला. ह्या तापानं आमच्याच चाळीतली दोन माणसं नेली होती. जगात मला आईवाचून कुणी नव्हतं.

शाळेतून रजा घेतली. आईचं अंथरूण जात्यापासून चार हातांवर होतं. मी दळायला बसले की ती डोळे मिटल्यामिटल्या विचारायची,

"मूठ टाकलीस का गं?"

पहिल्या दिवशी मी खरोखरच विसरले होते. जातं सुरू झालं होतं, आता कुठं उठा, म्हणून म्हटलं, "टाकली." दुसऱ्या दिवशी आठवण होती. ज्वारी हातात घेतली आणि ती गाडग्यात न टाकता सरळ जात्याच्या तोंडात घातली. आई पलीकडे कण्हत होती. ज्याला इतकी वर्षं न चुकता मूठ घातली त्यानं हे असं फेडावं, तर आता त्याला माझ्या हातून एक दाणासुद्धा मिळायचा नाही, असं मी ठरवलं. देवावर रुसायला आधी देव आहे असं धरावं लागतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आईनं विचारलं. मी म्हटलं, "टाकली." त्यानंतर ते रोजचंच झालं. ती विचारायची, मी टाकली म्हणायची, ती "बरं" म्हणायची.

रविवारी मी देवळात गेले नाही. उपासना व्हायच्या आधी आमच्या मंडळीतली बायबलबाई गाडगं न्यायला आली. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं आणि दुखणंखुपणं बघणं हे तिचं काम. साठीची, विधवा, चालताना गुडघ्याला शिव्या द्यायच्या बेतात येणारी आणि ऐनवेळी जीभ आवरणारी. तिनं गाडगं उचललं, आत पाहिलं. तळाला आईच्या सोमवारच्या आणि मंगळवारच्या दोन मुठी होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

"भरलंय का?" आईनं अंथरुणातून विचारलं.

"नेते की मी. तू पड गप," ती म्हणाली आणि गाडगं पदराखाली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आलं ते काठोकाठ भरून. तिच्या काखेत धान्याचं आणखी एक बोचकं होतं. मी तिला दारातच अडवलं.

"मावशी, हे कशाला? आम्ही भीक मागितलेली नाही."

"भीक कुटली? घरात मोटं दुखणं असलं की गाडगं उलटं चालतंय. तुला ठावं न्हाय व्हय?"

मला ठाऊक होतं. आईला असं भरलेलं गाडगं घेऊन दुसऱ्यांच्या घरी जाताना मी कित्येकदा पाहिलं होतं. ते आपल्या दारी येऊ शकतं, हे कधी मनात आलं नव्हतं. मी तिला म्हणाले की आमच्या घरून या आठवड्यात काही आलेलंच नाही, तुम्ही स्वतः पाहिलंत, तेव्हा हे घेऊन जा. बोलताना माझा आवाज चढला होता. ती उंबऱ्यावर बसली आणि गुडघा चोळू लागली.

"माजा मालक पडला व्हता तवा तुजी आईच घिऊन आली व्हती. मी बी अशीच फणफणले व्हते. गाडगं उचलून अंगणात टाकते म्हनले."

"मग?"

"मग काय. दळलं आन् खाल्लं."

एवढं बोलून ती उठली. प्रार्थना करते असंही म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर मी ते बोचकं खरंच बाहेर ठेवलं असतं.

ते धान्य मी सुपात ओतलं. पांढरी ज्वारी, तांबडी ज्वारी, बाजरी, थोडे गहू, तुरीची डाळ, मधूनच तांदळाचा एखादा दाणा. सगळ्या मंडळीच्या मुठी एकात एक मिसळलेल्या. असं धान्य निवडल्याशिवाय दळता येत नाही, म्हणून आईच्या उशाशी बसून निवडू लागले. दुपारभर दुसरं काम तरी काय होतं? तासातासाला निवळ पाजायची, कपाळावरची पट्टी बदलायची आणि निवडायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणतं धान्य कोणाचं हे मला कळू लागलं. गहू शाळेच्या मुख्याध्यापिकांकडचे. खडे जास्त ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातले, त्या बाईनं जन्मात ज्वारी पाखडून टाकली नसेल. तांबडी ज्वारी गिरणीत आईशेजारी बसणाऱ्या बाईची. त्या घरात सात खाणारी तोंडं होती आणि मूठ भरभक्कम होती. तांदूळ पाळकसाहेबांच्या घरचा, कारण आमच्यात बाकी कुणाला रोजचा भात परवडत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ताप उतरून काही दिवस गेले की पहिलं अन्न मऊ भाताचं द्यायचं. मी तांदळाचा दाणा दिसला की बाजूच्या वाटीत टाकू लागले. भात लागेल असं धरून चालले होते, हे मला त्या वाटीकडे पाहून कळलं.

आता जे सांगायचं ते थोडं आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ताप फार चढला. आई भ्रमात गेली, गिरणीतल्या बायकांशी भांडू लागली, मला ओळखीना. भर दुपार होती, चाळ सुस्तावलेली होती. मी सूप मांडीवर घेऊन बसले होते आणि हात आपोआप चालले होते. मला प्रार्थना करावीशी वाटली. पाठ होतं त्यातलं एक वाक्य सुरू केलं, ते मध्येच तुटलं. दुसरं धरलं, तेही तुटलं. मग मी आईसारखी बोलले. "बाबा, आमी दोगीच हाय हितं. हिला नेऊ नको." एवढंच. काही दिसलं नाही, कुणी उत्तर दिलं नाही, ताप एका अंशानंही उतरला नाही. पण त्या खोलीत आपण दोघीच नाही, असं मला वाटलं, आणि ते आजपर्यंत कधी पूर्ण गेलेलं नाही. मांडीवरच्या सुपात इतक्या घरांच्या मुठी होत्या, म्हणून ते सोपं गेलं असेल. मला रडू आलं आणि फार बरं वाटलं. लोक मला विचारतात की तुमचा विश्वास कधीपासूनचा, तेव्हा मी ही दुपार सांगत नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही नाही.

त्या संध्याकाळी गाडग्यात उरलेलं धान्य काढून घेतलं आणि ते पुसलं. दुसऱ्या दिवशी दळायला बसण्याआधी त्यात मूठ टाकली, आणि त्यानंतर रोज. आई विचारत नव्हती. ती भ्रमात होती.

तीन आठवडे उलटून गेल्यावर ताप उतरला. एका सकाळी तिनं मला नीट ओळखलं आणि "रोडावलीस गं" म्हणाली. मी काहीतरी उत्तर दिलं, तर ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. ह्या तापात कधी कधी कान जातात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत येतील, न येतील. आईचे परत आले नाहीत. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येई, तेवढंच.

भात द्यायला परवानगी मिळाली त्या दिवशी वाटीतला तांदूळ धुतला. तो एका माणसाला दोन घासांपुरता होता. भात गुरगुटा शिजवला, मीठ घातलं, आईला भिंतीला टेकवून बसवलं. पण तिनं घास घ्यायच्या आधी मला सांगून टाकायचं होतं. न सांगता तसाच घास भरवणं मला जमेना.

"आई, मी खोटं बोलले," मी म्हटलं.

"मोट्यानं बोल की. काय बी ऐकू येईना."

"मी खोटं बोलले!" मी तिच्या कानाशी ओरडले. "मूठ टाकली नव्हती! तू विचारायचीस तेव्हा रोज खोटं सांगितलं!"

भिंतीपलीकडची तेलुगू शेजारीण काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. उभ्या चाळीला माझं पाप कळलं. आमच्यात पापाची कबुली अशी द्यायची रीत नाही, पण बहिऱ्या आईपुढं रीत काय करणार!

आईच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही.

"ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "तवा कान व्हतं की. गाडग्यात दाणं पडल्याचा आवाज येत न्हवता. नुसतं जातंच वाजायचं."

मी म्हटलं, म्हणजे ओरडलेच, "मग रोज का विचारायचीस?"

"आज टाकंल, उद्या टाकंल, म्हनून."

शेजारीण अजून दारातच होती. मी आईला सांगितलं की नंतर टाकायला लागले, तुला भ्रम झाला होता तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही, आजही टाकली. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तोच शब्द वापरते आहे. टाकली. याच शब्दानं मी तिला रोज फसवलं होतं आणि ते तिला रोज कळत होतं. आता आवाज ऐकून खात्री करून घ्यायची सोयही तिला उरली नव्हती. मी उठले. गाडगं आणून तिच्या मांडीवर ठेवावं, तिनं आत हात घालून पाहावं, म्हणून जात्याकडे निघाले.

तिनं माझं मनगट धरलं. त्या हाताला जोर असा काही नव्हताच.

"कशाला?" ती म्हणाली. "टाकली म्हनतीस न्हवं? बस खाली. भात निवतोय."