गफ्फार पंपवाल्याचं कोहळं

आरमोरीच्या बाजाराच्या टोकाला गफ्फारचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. धानावर तुडतुडा आला की आसपासच्या वीस गावांचे पंप त्याच्याकडे येतात. वॉशर बदलता बदलता तो पिकाची तब्येत विचारतो आणि कोणी विचारलं नसलं तरी औषध सांगतो. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. थट्टेनं म्हणतात, हे अजून त्याच्या ध्यानात आलेलं नाही.

दुकानामागे घर, अंगण आणि टिनांवर चढवलेला कोहळ्याचा वेल. दुरुस्त झालेला पंप तो सकाळी उठल्या उठल्या या वेलावर मारून पाहायचा. टाकीत शेतकऱ्याचं उरलंसुरलं औषध असायचंच. ते वाया कशाला घालवायचं? जमीला, त्याची बायको, कोहळं तीनदा धुऊन मगच चिरायची. वेलाला दरवर्षी सात-आठ कोहळी लागत आणि गफ्फार ती गिऱ्हाइकांना आपल्या फवारणीचा पुरावा म्हणून दाखवी.

पहिलं कोहळं मात्र शेजारच्या केसरबाईंना द्यायचं, असा त्याचा शब्द होता. पितृमोक्ष अमावास्येला त्या सासऱ्यांच्या नावानं पान वाढतात, आणि कोहळ्याच्या भाजीशिवाय ते पान पुरं होत नाही. गफ्फारनं हा शब्द नऊ वर्षं पाळला होता.

यंदा श्रावणात जमीला मुलीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला गेली. वेल फुलांनी भरला, पण बोराएवढी कोहळी पिवळी पडून गळू लागली. गफ्फारनं औषध वाढवलं. मग औषध बदललं. पोळा झाला तरी वेलावर एक कोहळं नव्हतं. बाजारातून विकत आणून वेलाला बांधावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण केसरबाईंची नजर त्याला माहीत होती. शेवटी तो कुंपणाशी गेला आणि यंदा वेलावर मोठा रोग आहे, असं सांगू लागला.

केसरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रोग नाई भाऊ. तुमी सकाळी सकाळी पंप मारता, मंग मधमाशी कायले येईल इथी? जमीलाबाई रोज तुमच्या आधी उठे. नराचं फूल तोडे आन मादीच्या फुलावर फिरवे. तवा कुठी कोहळे लागत."

"मंग तिनं मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमाले डाक्टर म्हनलेलं आवडते ना."

गफ्फारनं चंद्रपूरला फोन लावला. जमीलानं काही नाकारलं नाही. नर आणि मादी फूल ओळखता येतं का, एवढंच विचारलं. येतं, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो स्टुलावर चढून एक फूल दुसऱ्यावर फार नाजूकपणे फिरवत होता. कुंपणापलीकडून केसरबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊ, ते दोनी नर हायेत."

मादी फुलाच्या खाली बारीक गोटी असते, हे त्याला जमीलाला पुन्हा फोन करून विचारावं लागलं. पंप मारणं त्यानं बंद केलं. चार दिवसांनी एक गोटी हिरवी राहिली, मग लिंबाएवढी झाली. अमावास्येला ती जेमतेम तांब्याएवढी होती. नख लावलं तर रुतत होतं. केसरबाईंनी ती हातात तोलून पाहिली आणि सासऱ्यांना तसेही दात नव्हते, असं म्हणून घरात नेली.

आता गफ्फार पंप साध्या पाण्यानं तपासतो, तोही संध्याकाळी. फुलं उघडी असताना औषध मारू नका, मधमाशा जातात, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. हे त्याला कसं कळलं, ते सांगत नाही. केसरबाई अंगणात असल्या, तर तो विषयच काढत नाही.