ताऱ्याची फेरी, माझी फेरी

काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी थोडक्यात सांगते: जोडीनं फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा मोजते. पुढचा प्रश्न हमखास माझ्याच जोडीबद्दल असतो, म्हणून मी घाईघाईनं चहा मागते.

याडीनं, म्हणजे आईनं, तसं कधी विचारलं नाही. परदेशातली नोकरी पक्की झाल्यावर मी नेरजवळच्या आमच्या तांड्यावर राहायला गेले होते. एका ताऱ्याची कक्षा काही केल्या जुळेना. मी ओसरीत लॅपटॉपसमोर चिडचिड करत बसले होते, शेजारी याडी तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्ही आपसात गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. इथं मराठीत लिहिते.

"कायले एवढं डोकं खपवून राह्यली?"

सांगितलं. हा तारा क्ष-किरणांचे ठोके देतो, उपग्रहावरची दुर्बीण ते टिपते. जोडीदाराभोवती फिरताना तो आपल्याकडे येत असला की ठोके जवळजवळ पडतात, दूर जायला लागला की विरळ होतात. त्यावरून त्याची वाट शोधायची. मी ती गोल धरली होती आणि हा बाबा भलतीकडेच जात होता.

"दूर जाते, पण वापस येते ना?"

"येते. जोडीदाराची ओढच तेवढी हाय, सुटून जाईन कुठं?"

"कधी येईन, ते सांगता येते तुले?"

"तेच तं माह्यं काम हाय."

"अन् तुहं?"

"पाहू," मी म्हणाले. मला तिचा राग आला.

संध्याकाळी वाट लांबट धरून गणित पुन्हा मांडलं. ठोके नीट बसले. याडीला दाखवलं तर "चांगलं झालं माय" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

निघायच्या दिवशी फाट्यावर अर्धा तांडा जमला. बस दिसताच याडी माझ्या गळ्यात पडली आणि ढावलो म्हणायला लागली. सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. नोकरीला जाताना तो म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता. बायका आधी चपापल्या, मग त्यांनीही सूर धरला. ढावलो म्हणायचा असतो मुलीनं. लग्नाआधी तिला तो शिकवतात. मला कुणी शिकवलाच नव्हता. म्हणून माझ्या तोंडचे शब्द तीच म्हणत होती, रडत, माझ्याच खांद्यावर: याडी, मी चालले, मला विसरू नको.