बाहेर म्हणजे कुठं

हात कोपरात वाकवून, दोन्ही पंजे खांद्यापर्यंत वर धरून ती चालायची. ऑपरेशनच्या आधी हात घासून धुतले की मग कशालाही शिवायचं नसतं, म्हणून थिएटरात सगळेच हात तसे धरतात. पण हिची सवय थिएटरच्या बाहेरही सुटत नसे. दार आलं की कमरेनं ढकलायची आणि समोरच्याला सांगायची, "हट जाओ भैया, हात साफ हैं।"

आमचं हॉस्पिटल इकडे हिंदी मुलखात, ग्वाल्हेरच्या पलीकडे, सदर बाजारच्या अंगाला, एका धार्मिक संस्थेचं. ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर आणि मी पुढच्या काउंटरवर पेशंटची नावं लिहून घेणारी. अख्ख्या हॉस्पिटलात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, आणि आमचं मराठी असं की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी तोंडावर पदर धरून हसावं. बाकीचे तिला सिस्टरजी म्हणत, मी ताई म्हणायचे.

दतिया गेटजवळ एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगतीत बसण्याआधी ताईनं हात धुतले आणि सवयीनं वर धरून बसली. वाढपी येई, हिचे हात बघून "नको" असं समजे आणि पुढे जाई. पुरी गेली, बुंदी गेली, मठ्ठा गेला. शेवटी तिनं मला कोपरानं ढोसलं, "अगं, इथं काय उपवासाची पंगत आहे का?" तिच्या तीन मुली शेजारी बसून पोट धरून हसत होत्या. धाकटीनं आपल्या पानातली अर्धी पुरी तिच्या तोंडात घातली.

संस्थेत एक रीत होती, अजून आहे. कर्मचारी बाईला सातवा महिना लागला की हॉलमध्ये तिची गोदभराई, म्हणजे आपलं डोहाळजेवण, करायची. संस्थेचे गुरू महाराजजी, त्यांच्याकडून नारळ येतो, संस्थेच्या स्वयंपाकघरातून लाडू येतात. ओटी भरायचं काम ताईचं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, सगळं आपल्या मराठी पद्धतीनं. "पल्ला ठीक से पकड़ो, अभी से गिराओगी तो बच्चा कैसे सँभालोगी?" असं ती प्रत्येकीला दटावायची आणि मग प्रत्येकीच्या गालाला हात लावायची. तेवढ्यापुरते तिचे हात खाली यायचे.

तिच्या स्वतःच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं आखडलेली होती. तिसऱ्या बाळंतपणात ते कळलं, तेव्हा ती जेमतेम वाचली. ग्वाल्हेरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की चौथं मूल झालं तर आई राहणार नाही. मूल न होण्याच्या गोळ्या तिला चालणार नव्हत्या. मुलं बंद करायचं ऑपरेशन हाच उपाय, आणि तेही नीट सोयीच्या ठिकाणी, भूल देणारा डॉक्टर शेजारी उभा असताना.

तशी सोय आमच्याकडे होती. थिएटर होतं, सर्जन होते, भूल देणारे डॉक्टर होते. हत्यारांचा ट्रे मांडणारी तर तीच होती. पण संस्थेच्या धर्मात कूस बंद करणं पाप. संस्थेनं आमचा सगळ्यांचा आरोग्य विमा काढला तेव्हा एजंटनं कुटुंबनियोजनाचं कलमही आणलं होतं. महाराजजींनी ते काढायला लावलं. बाळंतपण मात्र पूर्ण, वेगळ्या एसी खोलीसकट. कुठल्याशा देशात म्हणे अशा गोष्टींवरून मालक आणि सरकार कोर्टात भांडतात. आमच्याकडे भांडण कसलं? "जी महाराजजी" म्हणायचं आणि उठायचं.

ताई उठली नाही. गुरुवारच्या दर्शनाला ती मला घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. खरं सांगते, महाराजजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस ढोंगी असता तर मला किती बरं वाटलं असतं!

"बेटी, तुम्हारा कष्ट हम समझते हैं," ते म्हणाले. "पर इस छत के नीचे कोख बंद नहीं होगी, न इस संस्था के पैसे से। हम भगवान को क्या मुँह दिखाएँगे?"

"आप अपना धरम निभाइए महाराजजी," ताई म्हणाली, "मैं भी रोज़ उसी भगवान के आगे दिया जलाती हूँ। तीन बच्चियों के लिए ज़िंदा रहना मेरा धरम नहीं है क्या?"

त्यांनी समोरचं प्रसादाचं ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "तुमको रोका किसने है? बाहर करा लो।" आणि प्रसादाचं केळं तिच्या हातात ठेवलं.

रिक्षात बसल्यावर तिनं ते केळं सोललं, अर्धं मला दिलं. "केळं चांगलं आहे," म्हणाली. "पण बाहेर म्हणजे कुठं, ते विचारायचं राहिलं बघ."

मग आम्ही बाहेर शोधत फिरलो. चिरगावला कुटुंबनियोजनाचं सरकारी शिबिर लागलं होतं, तिथं बसनं गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि लगेच काढून घेतली. "ये केस यहाँ का नहीं है, कुछ हो गया तो?" असं म्हणून तिला रांगेतून बाजूला केलं. ग्वाल्हेरच्या खासगी हॉस्पिटलचं नाव काढलं की तिचा नवरा आपल्या पगाराचा आकडा सांगायचा. तो कापडाच्या दुकानात नोकरीला. त्याचं स्वतःचं ऑपरेशन तर चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण त्याला अशक्तपणाची भीती, आणि त्याच्या आईनं तर विषयच काढू दिला नाही. "हे चांगले आहेत गं," ताई म्हणायची, "फक्त घाबरतात." मला त्याचा इतका राग येई की त्याच्या दुकानासमोरून जाणं मी सोडलं. मोठ्या सरकारी इस्पितळानं शेवटी तारीख दिली. ती पुढे गेली. पुन्हा दिली, तीही पुढे गेली. तिसऱ्या तारखेची वाट बघता बघता ताईला दिवस गेले.

मी म्हटलं, "ताई, अजून वेळ आहे. काढून टाकता येईल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या मुलीला घराबाहेर काढायला सांगत होते. "येऊ नये म्हणून मी दारोदार फिरले," ती म्हणाली. "आता आलंय. त्याला कसं जा म्हणू? माझ्याच्यानं नाही होणार ते." मी खूप बोलले, ओरडलेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि ट्रे मांडायला निघून गेली.

सातव्या महिन्यात तिची गोदभराई झाली. महाराजजींचा नारळ आला, लाडू आले. या वेळी ओटी भरायला मी होते. ती पाटावर बसली होती, ओठ निळसर, चार पावलं चालूनही धाप लागलेली. माझ्या हातून तांदूळ जमिनीवर सांडले. ती हळूच म्हणाली, "अगं, नीट भर. मी काय तुला असंच शिकवलं का?" लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

बाळंतपणाला ग्वाल्हेरला न्यायचं ठरलं होतं. कळा त्याआधीच आल्या, भर दुपारी. तिला श्वास घेता येईना. ट्रॉली माझ्या काउंटरसमोरून गेली. ती उशांना टेकून अर्धवट बसलेली होती, डोळे मिटलेले, आणि दोन्ही पंजे खांद्यापर्यंत वर. थिएटरचं दार या वेळी दुसऱ्या कोणी तरी उघडलं.

मुलगी वाचली. विम्यानं सगळं दिलं, एसी खोलीही दिली, फक्त तिथं ठेवायला कोणी नव्हतं. महाराजजी स्वतः आले, मुलींच्या डोक्यावर हात ठेवून रडले. विम्यात कुटुंबनियोजनाचं कलम मात्र तेव्हा नव्हतं, तसंच आजही नाही.

आता ओट्या मी भरते. परवा वॉर्डातल्या एका सिस्टरची होती, तिसऱ्या वेळची. लाडू वाटले जात होते, सगळे हसत होते. तिनं पदर पसरला आणि मान खाली घालूनच मला विचारलं, "दीदी, डॉक्टर ने कहा है, इसके बाद और नहीं। महाराजजी कहते हैं, बाहर करा लो। बाहर कहाँ जाऊँ, दीदी?"

नारळ माझ्या हातात होता. मी तो तिच्या पदरात ठेवला.