ओल्गाबाईंनी गोळ्या थांबवल्या

मला लिहायची सवय नाही. गहू तोलून आगगाडीच्या डब्यांत भरण्यात माझं आयुष्य गेलं. पण ओल्गा फेदोरचुक या बाईंविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या वृद्धाश्रमात हात न थरथरणारे फारसे उरलेले नाहीत.

ओल्गाबाई तरुणपणी गावच्या कर्लिंग संघाच्या कप्तान होत्या. बर्फावरून दगड सरकवायच्या या खेळात कप्तान पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडते. तो आवाज अजून टिकून आहे. जेवणघरात त्यांनी मीठ मागितलं की चार टेबलांवरून मीठ येतं.

त्यांचे यजमान वासिल माझ्या शेजारच्या खोलीत असतात. आमच्याकडे एक रीतच पडली होती. म्हातारा बरळला की लघवी तपासायची, जंतू दिसले की अँटिबायोटिक सुरू. आमच्या वयात आजार नसतानाही लघवीत जंतू सापडतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! गेल्या हिवाळ्यात वासिलना अशाच गोळ्या दिल्या. पोटातले चांगले जंतूही मेले, वाईट माजले आणि भयंकर जुलाब लागले. दारावर संसर्गाची पिवळी पाटी लागली, आत जाणारा प्रत्येक जण झगा आणि हातमोजे घालू लागला. वासिल वाचले, पण त्यांचं चालणं गेलं.

या जुलैत उकाड्याचे दिवस होते. एका सकाळी वासिलनी ओल्गाबाईंना विचारलं, "हान्या, गाई आत घेतल्या का?" हान्या म्हणजे वासिलची वारलेली बहीण.

लेक डार्लीन रिजायना शहरातून गाडी हाकत आली आणि दारातूनच म्हणाली, "गोळ्या सुरू केल्या का?"

नर्स मारितेस शांतपणे म्हणाली, "ताप नाही, जळजळ नाही, पोट दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, पाणी पाजा आणि नीट लक्ष ठेवा. जरा जरी बिघडलं तरी ते लगेच येतील. मात्र घरच्यांची संमती हवी. ओल्गाआजी, तुम्ही सांगा."

"लक्ष ठेवा म्हणजे काय, नुसतं बघत बसायचं?" डार्लीनचा आवाज चढला. "आई, बाबांना काही झालं ना, तर ते तुझ्या डोक्यावर!"

"माझ्याच डोक्यावर येऊ दे. तुझ्या डोक्यावर हेअरस्प्रेचं ओझं काय कमी आहे?" ओल्गाबाई म्हणाल्या. "गोळ्या नकोत. थांबायचं."

मी दारात उभा होतो. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले होते. चुकलं असतं तर नवरा गेला असता आणि लेकही तुटली असती.

वासिलच्या उशाशी पाण्याचा पेला सकाळचा तसाच भरलेला होता. ओल्गाबाईंनी तो पुढे केला. वासिलनी तोंड फिरवलं.

"का रे पीत नाहीस?"

ते पुटपुटले, "मग घंटा वाजवावी लागते. पोरी येतात. पँट काढतात."

हे मला कळायला हवं होतं. मीसुद्धा दुपारनंतर पाणी टाळतो.

"म्हणून तहान मारतोस? लाजरा कुठला!" ओल्गाबाई म्हणाल्या. "घंटा गेली खड्ड्यात. मी हाक मारीन."

मग बिटाच्या थंड सूपचं नुसतं पाणी त्या चमच्याचमच्याने पाजत राहिल्या. वासिलनी खूण केली की बाई अशी हाक मारायच्या की पलीकडच्या दालनातली माणसंसुद्धा धावत यायची. मारितेस सारखी ताप बघून जायची. डार्लीन कोपऱ्यात बसून फोनकडे बघत होती, पण मधेच उठून तिने दुसरा वाडगा भरून आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी अशीच हाक मारली, तेव्हा वासिल कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ओल्गा, केवढ्याने ओरडतेस! बहिरा नाही मी."

डार्लीन आईच्या गळ्यात पडून हसली, मग रडली. ओल्गाबाईंनी तिची पाठ थोपटली. "मीही घाबरले होते गं," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता कुणी बरळलं की मारितेस आधी विचारते, "प्यायलं किती?" आणि ओल्गाबाई तिथे खुर्ची ओढून बसतात.

परवा जेवताना नव्याने आलेल्या एका गृहस्थांना वासिल ऐटीत म्हणाले, "ही बाई बघितलीत? मी निवडली."

"निवडलं मी," ओल्गाबाई म्हणाल्या. "तू नुसता उभा होतास."